नडगीच्या हाडाला आतून आधार

जव्हार शहरालगतच्या शिरपामाळ या पठाराचे नाव एका सन्मानाशी निगडित आहे. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी जव्हार संस्थानचे राजे विक्रमशहा यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे येथे स्वागत केले व त्यांच्या शिरोभूषणात मानाचा तुरा खोवला, असे परंपरा सांगते. शिरपेचावरून या माळाला शिरपामाळ हे नाव पडले. या माळावर उभे राहिले की जव्हार-मोखाड्याच्या भूमीचे खरे स्वरूप ध्यानात येते. दऱ्या, उतार, वळणावळणाचे रस्ते आणि त्यांच्यापासून दूर डोंगराच्या कुशीत विखुरलेले पाडे असा हा मुलूख आहे. येथे माणसाचा पाय हेच त्याचे पहिले वाहन होय. भाताची व नागलीची शेते चढउताराची. पाणी, जळण व बाजारहाट यांसाठीची वाटही चढउताराचीच. पावसाळ्यात खाचराच्या निसरड्या बांधावरून पाय घसरतो, झाडावर चढलेला माणूस फांदीसह खाली येतो, आणि अलीकडे मोटारसायकल घाटाच्या वळणावर कलंडते. अशा प्रसंगी पुष्कळदा मोडते ते नडगीचे हाड.

शहरातील कारकुनाचा पाय मोडला तर त्याची रजा खर्ची पडते. येथील मजुराचा पाय मोडला तर घराचे वर्ष मोडते. खरिपाची कामे आटोपल्यानंतर या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतर कामांवर स्थलांतर करतात आणि पुढील पावसापर्यंतची मिळकत गाठीशी बांधतात. कर्ता माणूस पाच-सहा महिने प्लास्टरमध्ये पडून राहिला तर त्या कुटुंबाचा हा हंगाम हातचा जातो. म्हणूनच नडगीच्या हाडात सळई बसवून रुग्णाला लवकर उभे करण्याची शस्त्रक्रिया, गावात जिला ‘पायात रॉड टाकला’ असे म्हणतात, ती काय आहे, ती कोणासाठी आहे आणि तिचे यश कशावर अवलंबून आहे, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व गावपातळीवरील कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

हेच हाड अवघड का?

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड शरीराचा फारच थोडा भार पेलते. जवळजवळ सर्व भार नडगीच्या जाड हाडावर येतो. या हाडाची आतील-पुढील बाजू हाताने चाचपून पाहावी. त्वचेखाली लगेच हाड लागते, मध्ये मांसाचा थर नाही. मांडीचे हाड जाड स्नायूंच्या वेष्टनात सुरक्षित असते. नडगीला हे भाग्य लाभलेले नाही. त्यामुळे हाड मोडताच त्याचे टोक त्वचा फाडून बाहेर येण्याचा संभव येथे विशेष असतो. शरीरातील लांब हाडांपैकी अशी उघडी मोड सर्वांत जास्त आढळते ती याच हाडात.

दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची. हाड जुळते ते रक्ताच्या आधाराने, आणि भोवतालचे स्नायू हा त्या रक्ताचा मोठा स्रोत असतो. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात स्नायू संपून नुसत्या शिरा-कंडरा उरतात. तेथील मोड म्हणून सावकाश जुळते. साधी, बंद मोड भरून येण्यासही चार महिने लागावेत, हे या हाडाच्या बाबतीत नवल नव्हे. उघड्या मोडीस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागू शकतो.

प्लास्टरचा उपचार जुना व विश्वासाचा आहे आणि तो आजही कालबाह्य झालेला नाही. हाड जागेवर असेल, मोड स्थिर असेल, तर प्लास्टर पुरेसे ठरते. लहान मुलांच्या बाबतीत तर बहुधा तोच योग्य मार्ग असतो. तथापि मोड तिरपी असेल किंवा हाडाचे अनेक तुकडे झाले असतील, तर प्लास्टरच्या आत हाड सरकते. पाय आखूड होतो किंवा पाऊल बाहेर वळते. शिवाय मांडीपासून बोटांपर्यंतच्या प्लास्टरमध्ये गुडघा व घोटा दीर्घकाळ जखडलेले राहतात. प्लास्टर निघते तेव्हा हाड जुळलेले असते, पण सांधे आखडलेले आणि मांडी वाळलेली असते. डोंगर चढणाऱ्या माणसाला हा सौदा महागात पडतो.

कील येथील एक धाडस

हाडाच्या पोकळीतच आधार बसविण्याची कल्पना नावारूपास आणली ती जर्मनीतील कील येथील शल्यचिकित्सक गेरहार्ड क्युंट्शर (१९००-१९७२) यांनी. लांब हाड बांबूप्रमाणे आतून पोकळ असते व त्या पोकळीत मज्जा असते. या पोकळीत पोलादी सळई घट्ट बसविली तर मोडलेले दोन्ही भाग एका रेषेत राहतील व रुग्णाला प्लास्टरशिवाय चालता येईल, असा त्यांचा विचार होता. नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी मांडीच्या हाडात अशी सळई प्रथम बसविली आणि मार्च १९४० मध्ये बर्लिन येथे शल्यचिकित्सकांच्या परिषदेपुढे हे काम मांडले. मज्जेचा नाश करून हाड कसे जुळेल, ही तेथील अनेकांची शंका होती. शंका रास्त होती. उत्तर रुग्णांच्या पायांनी दिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटून मायदेशी परतलेल्या काही अमेरिकन सैनिकांच्या मांडीत क्ष-किरण चित्रात लांब सळई दिसली, तेव्हा तेथील डॉक्टर चकित झाले. युद्धकैद्यांच्या पायांतून एक वैद्यकीय शोध अशा रीतीने समुद्रापार गेला.

नडगीसाठी ही सळई सरळ चालत नाही. मांडीच्या हाडात ती वरच्या टोकातून सरळ उतरविता येते. नडगीच्या डोक्यावर मात्र गुडघ्याचा सांधा आहे. सांध्याला धक्का न लावता त्याच्या पुढून, वाटीच्या खालून आत शिरावे लागते आणि मग पोकळीच्या रेषेत वळावे लागते. १९५० च्या सुमारास हेर्झोग यांनी नडगीच्या सळईला वरच्या टोकाशी बाक दिला. हा बाक किरकोळ दिसतो, परंतु आजच्या नडगीच्या सळयांतही तो कायम आहे. आपल्याकडे हाताच्या पुढील भागातील दोन हाडांसाठी चौकोनी छेदाची ‘तळवलकर नेल’ अस्थिशल्यचिकित्सकांच्या परिचयाची आहे. या शास्त्रात मराठी नावही असे रूढ झाले आहे.

पहिल्या पिढीच्या सळया पोकळीच्या भिंतींना घट्ट बसण्याच्या जोरावर काम करीत. हाडाच्या मधोमध आडवी मोड असेल तर हे छान साधे. मोड टोकाजवळ, जेथे पोकळी नरसाळ्यासारखी रुंद होते तेथे असली, किंवा हाडाचा चुरा झालेला असला, की सळईभोवती हाड फिरे व आखूड होई. यावर तोडगा निघाला तो सळईला वर व खाली आरपार भोके ठेवून, हाडातून त्या भोकांत आडवे स्क्रू बसविण्याचा. १९७० च्या दशकात जर्मनीत क्लेम व शेलमन आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ग्रोस व केम्फ यांनी ही पद्धत विकसित केली. आज जिला ‘इंटरलॉकिंग नेल’ म्हणतात ती हीच. अडसर लावलेले दार जसे पुढेमागे होत नाही, तसे हे हाड आखूड होत नाही व फिरतही नाही.

शस्त्रक्रिया कशी होते?

‘खिळा’ या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो आणि सुतारकामाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहून माणसे घाबरतात. वस्तुतः मोडलेल्या जागेला बहुतेक वेळा हातही लावला जात नाही. रुग्णाला सामान्यतः कमरेखालील भूल देतात. गुडघा वाकवून वाटीच्या खाली लहानसा छेद घेतला जातो आणि तेथून हाडाच्या पोकळीत वाट पाडली जाते. प्रथम एक लांब, बारीक तार आत सोडतात. बाहेरून पाय ओढून व वळवून हाडाचे तुकडे एका रेषेत आणले की ही तार मोडीपलीकडे घोट्याच्या दिशेने उतरते. तिच्यावरून पोकळी थोडी थोडी रुंद करणारे अवजार फिरविले जाते. मग माप घेऊन योग्य लांबीची व साधारणपणे ८ ते १२ मिलिमीटर जाडीची सळई तारेवरून सरकविली जाते. शेवटी वरच्या व खालच्या भोकांत स्क्रू बसवितात. मोडीच्या जागी जमलेले रक्त, ज्यातून नवे हाड तयार व्हायचे असते, ते जागच्या जागी राहते. बंद शस्त्रक्रियेचा हा मोठा लाभ होय.

पोकळी रुंद करावी की न करता बारीक सळई घालावी, हा बराच काळ वादाचा प्रश्न होता. रुंदीकरणाने आतील रक्तवाहिन्या नष्ट होतात, असे एक मत. जाड सळई भक्कम आधार देते आणि निघालेला हाडाचा चुरा मोडीपाशी पडून उपयोगीच ठरतो, असे दुसरे. अनेक देशांतील रुग्णालयांत १,३०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. बंद मोडीत रुंदीकरण लाभदायक ठरण्याची शक्यता त्यातून दिसली; उघड्या मोडीत तसा फरक आढळला नाही.

खालचे स्क्रू बसविताना सळईची भोके हाडाच्या आत असल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी ‘सी-आर्म’ हे चलत् क्ष-किरण यंत्र लागते. हे यंत्र, अखंड वीज आणि ते चालविणारा तंत्रज्ञ, या तिन्ही गोष्टी सर्वच रुग्णालयांत नसतात. अमेरिकेतील शल्यचिकित्सक ल्युइस झर्कल यांनी १९९९ मध्ये ‘साइन’ ही संस्था याच अडचणीसाठी स्थापन केली. या संस्थेची सळई भरीव असते. सळईला बाहेरून जोडलेल्या मोजपट्टीसारख्या दांड्यावरून भोकाची नेमकी जागा ठरविता येते व क्ष-किरण चित्रपटावाचून स्क्रू बसविता येतात. आशिया व आफ्रिकेतील अनेक गरीब देशांच्या रुग्णालयांत लक्षावधी रुग्णांवर ही पद्धत वापरण्यात आली आहे. सळईचे तत्त्व एकच, परंतु ते रुग्णालयाच्या ऐपतीप्रमाणे घडविता येते, हे यावरून दिसते.

वाढत्या वयाच्या मुलांना मात्र ही जाड सळई घालीत नाहीत. नडगीच्या वरच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि सळईची वाट तिच्यातूनच जाते. शस्त्रक्रिया अपरिहार्य असल्यास फ्रान्समधील नान्सी येथे विकसित झालेल्या लवचीक, बारीक सळया कूर्चेच्या खालून, बाजूने घालण्यात येतात.

पहिले काही तास

इतकी प्रगती झाली तरी सळई बसविण्यापूर्वीच पायाचे भवितव्य पुष्कळसे ठरून जाते, आणि ते ठरते पाड्यावर. उघडी जखम ही सर्वांत चिंतेची बाब. हळद, चुना, तंबाखू, कोळशाची पूड किंवा झाडपाल्याचा लेप जखमेवर दाबला की त्याबरोबर माती व जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. हाडात जंतुदोष शिरला की तो वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. पू वाहत राहतो, हाड जुळत नाही आणि वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागतात. अशा न जुळलेल्या, दूषित हाडांसाठी पायाबाहेर कड्या व तारा लावण्याची रशियातील इलिझारोव यांची पद्धत आहे. मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी तिच्या प्रसारासाठी महाराष्ट्रात मोठे काम केले. पण तो मार्ग लांबचा व सोशिकपणाची परीक्षा पाहणारा आहे.

जखमेवर स्वच्छ, कोरडे कापड ठेवून ते हलकेच बांधावे. एवढेच करावे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. रुग्णालयात जखम धुतात तीही साध्या मिठाच्या निर्जंतुक पाण्याने. उघड्या मोडीच्या सुमारे अडीच हजार रुग्णांवरील एका चाचणीत, ज्यात भारतातील रुग्णालयेही सहभागी होती, साबणाच्या द्रावणापेक्षा हे पाणी सरस ठरल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. जंतुनाशक औषधाचे इंजेक्शन मात्र जितके लवकर मिळेल तितके चांगले. अपघातानंतरच्या पहिल्या तीन तासांना येथे फार महत्त्व आहे. धनुर्वाताचे इंजेक्शनही अर्थातच हवे. म्हणूनच मोठ्या शहराचा रस्ता धरण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात रुग्णाला दाखविणे श्रेयस्कर. नाशिक जव्हारपासून सुमारे ८० किलोमीटर आहे; घाटातून हे अंतर विनाइंजेक्शन कापण्यात शहाणपण नाही.

पाय उचलण्यापूर्वी त्याला आधार द्यावा. बांबूच्या लांब कामट्या, गोधडीची घडी किंवा शेजारचा धडका पाय, यांपैकी काहीही चालते. गुडघा व घोटा दोन्ही आधारात आले पाहिजेत. पैंजण, वाळे, जोडवी आधीच काढावीत, कारण नंतर सूज आली की ती कापावी लागतात. रस्ता नसलेल्या पाड्यावरून झोळीतून न्यायचे असेल तर हा आधार अधिकच आवश्यक. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. फोन करतानाच ती कोणत्या फाट्यावर उभी राहील हे ठरवून माणसे तेथपर्यंत निघावीत. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्यास पोलिसी ससेमिऱ्याची भीती वाटते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे, ही गोष्ट ग्रामसभेत एकदा वाचून दाखविण्याजोगी आहे.

हाडवैदाविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. आदिवासी भागात त्याच्यावर लोकांचा विश्वास आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. कामट्यांचा आधार ही त्याची कल्पना आधुनिक शास्त्रालाही मान्य आहे. चूक होते ती आवळून बांधण्यात. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या जाड पडद्यांच्या कप्प्यांत असतात. मोडीनंतर आत सूज व रक्त साठते. त्यात वरून घट्ट बंधन पडले की कप्प्यातील दाब वाढून रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांतच स्नायू मरू लागतात. बंधन नसतानाही क्वचित असे घडते. पायाची बोटे वर ओढली असता असह्य कळ येणे, मुंग्या येणे, बोटे थंड किंवा फिकी पडणे ही त्याची चिन्हे होत. कळ असह्य होत असेल तर ‘हाड मोडल्यावर दुखणारच’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. बंधन तत्काळ सैल करून रुग्णाला हलवावे. हाडवैदाला हिणवून हे साधणार नाही. उघडी जखम किंवा वाकडा झालेला पाय दिसताच त्यानेच रुग्णाला दवाखान्यात पाठवावे, इतका संवाद आरोग्य सेवकाने व आशा कार्यकर्तीने त्याच्याशी राखला तर पुष्कळ पाय वाचतील.

खर्च आणि त्यानंतर

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. संलग्न खासगी व सरकारी रुग्णालयांत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली अस्थिशस्त्रक्रियांचा समावेश आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर असावे आणि रुग्णालयात पोचताच तेथील आरोग्यमित्राला भेटावे. कागद घरी राहिल्याने नातेवाइकांनी सावकाराकडून पैसे उचलण्याचे प्रसंग टाळता येण्याजोगे असतात.

सळई बसली म्हणजे काम संपले असे नव्हे. सळई हाड जुळवीत नाही. हाड स्वतः जुळेपर्यंत ती त्याला सांभाळते. आडवी, स्थिर मोड असेल तर वेदना सोसेल त्या प्रमाणात, कुबड्यांच्या साहाय्याने लवकरच पाय टेकवू देतात. चुरा झाला असेल तर भार टाकण्यास काही आठवडे थांबावे लागते. हा निर्णय डॉक्टरांचा. पाय दुखत नाही म्हणून रुग्णाने परस्पर भट्टीवर ओझी उचलली, तर न जुळलेल्या हाडात सळई किंवा तिचे स्क्रू थकून मोडतात. पोलादालाही थकवा येतो. विडी व तंबाखू यांमुळे हाड उशिरा जुळते, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. आहारासाठी महागड्या भुकट्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि ती या डोंगरांतच पिकते. तिच्या जोडीला डाळ, अंडी, सुकी मासळी मिळाली की झाले.

सळईनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखणे ही बऱ्याच रुग्णांची तक्रार असते. मांडी घालून बसताना, लावणी करताना, गुडघे टेकताना ती जाणवते. शस्त्रक्रियेपूर्वीच याची कल्पना दिली तर रुग्ण हबकून जात नाही. सळई काढावीच लागते असेही नाही. त्रास होत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारणतः वर्ष-दीड वर्षानंतर ती काढता येते; अन्यथा ती तशीच राहिली तरी चालते.

फेरतपासणीची तारीख बहुधा स्थलांतराच्या हंगामात येते, ही या भागातील खरी अडचण. कुटुंब भिवंडी-वसईकडे गेलेले, रुग्णालय नाशिकला किंवा ठाण्याला, आणि कार्ड घराच्या आढ्याला खोचलेले. निघताना रुग्णपत्रिका व क्ष-किरण चित्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावीत, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयातही सहाव्या व बाराव्या आठवड्याची तपासणी करून घेता येते. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्याची नोंद आशा कार्यकर्तीकडे असावी. छेदाच्या जागी लाली, पाझर किंवा ताप आढळला, मग तो चार महिन्यांनी का असेना, रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांपुढे उभे केले पाहिजे.